एमएच चाळीस, गोव्याचा रस्ता आणि शिट्टीवाले साहेब

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

हिंगण्याहून बोलतोय. मागे एमआयडीसीतून कन्याकुमारीला गेलेल्या आपल्या रायडर मित्रांवर भाग केला होता. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यातले निम्मे एकाच गोष्टीचे होते. रस्ता कोणता, टायर कोणता, हे कोणी विचारलंच नाही. विचारलं काय, तर "भाऊ, गोव्यात पोलीस पकडतात म्हणे, खरं आहे का?" एकानं तर लिहिलं, "एमएच पाटी पाहिली की हात वर होते म्हणतात, मग आम्ही यावं का नाही यावं?"

म्हणून आजचा भाग याच्यावरच. पर्यटनाच्या गावात मोटरसायकल चालवणं आणि पोलिसांशी बोलणं. उदाहरण गोव्याचं घेतो, कारण आपली पोरं तिथंच सगळ्यात जास्त जातात. पण यातलं बरंचसं महाबळेश्वरला, लोणावळ्याला, अगदी चिखलदऱ्यालाही लागू आहे. कायदा देशभर एकच आहे, मोटार वाहन कायदा १९८८. त्यात मोठी दुरुस्ती २०१९ मध्ये झाली आणि दंडाचे नवे आकडे त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून आले. काही दंड कमी करून घ्यायचा अधिकार राज्यांना आहे, त्यामुळे आकडा राज्यागणिक थोडा बदलतो. मी जे आकडे सांगीन ते मूळ कायद्यातले आहेत.

आधी निघायचं कसं

आपल्या तालुक्याची एक गंमत पाहा. समृद्धी महामार्ग सुरू होतो तो आपल्या शिवमडक्यातून. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते मुंबई. २०२२ च्या ११ डिसेंबरला शिर्डीपर्यंतचा भाग सुरू झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण रस्ता. आपल्या दारातून निघतो, अन् आपल्याच मोटरसायकलला त्याच्यावर जागा नाही. दुचाकीला बंदी आहे. दरवर्षी कोणीतरी नवीन पोरगा हौसेनं जातो आणि टोलवरून परत येतो. तेव्हा पहिला धडा घरापासूनच घ्या. रस्ता दिसतो म्हणून तो आपला नसतो. पाटी वाचायची.

गोव्याला जायचं तर बुटीबोरीवरून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मग सांगली-कोल्हापूरकडून आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवी. हजार किलोमीटरच्या वर जातं. दोन मुक्काम करा. एका दमात मारतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ज्यांना एवढं चालवायचं नाही ते गाडी रेल्वेनं पार्सल करतात. पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राची प्रत द्यायची, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढायचं, पोतं-गवत लावून पॅकिंग करून घ्यायचं. तिसरा मार्ग सगळ्यात सोपा, स्वतः रेल्वेनं जायचं आणि तिथं गाडी भाड्यानं घ्यायची. त्याच्याकडे नंतर येतो, कारण खरी भानगड तिथंच आहे.

एमएच पाटीला का थांबवतात?

हा प्रश्न जरा शांतपणे पाहू. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण साडेचौदा लाख होती. म्हणजे आपल्या एकट्या नागपूर शहरापेक्षाही कमी. आणि तिथं वर्षाला येणारे पर्यटक एक कोटीच्या आसपास. आता विचार करा, आपल्या घरात चार माणसं राहतात अन् वर्षभर अठ्ठावीस पाहुणे येऊन राहिले. पाहुणा चांगला असला तरी घरचा माणूस वैतागतो. आणि सगळे पाहुणे चांगले नसतात. समुद्राच्या वाळूत गाडी घालून रुतवणारे आपण बातम्यांत पाहतो. त्या गाड्यांच्या पाट्याही पाहतो.

दुसरी गोष्ट थोडी जुनी आहे. आपल्याला वाटतं गोवा म्हणजे आपलंच. मराठी समजते, देव तेच, मासे तेच. पत्रादेवीच्या नाक्यावरून जाताना तिथलं हुतात्मा स्मारक बघा. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्या सत्याग्रहात महाराष्ट्रातली पुष्कळ माणसं होती. हे नातं खरंच आहे. पण १९६७ च्या १६ जानेवारीला तिथं जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. गोवेकरांनी वेगळं राहायचं ठरवलं. १९८७ ला राज्य झालं. तेव्हा आपण तिथं शेजारी म्हणून जातो. "आमचंच आहे" हा भाव हेल्मेटच्या आत ठेवलेला बरा. नाक्यावर तो आवाजात उतरतो अन् मग समोरच्याचाही आवाज चढतो.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. पोलिसाला माहीत असतं की बाहेरच्या माणसाला परतीची गाडी पकडायची आहे, त्याच्याजवळ वेळ नाही. तो वाद घालणार नाही, कोर्टात जाणार नाही. चांगला पोलीस याचा फायदा घेत नाही. वाईट घेतो. दोन्ही प्रकारची माणसं प्रत्येक खात्यात आहेत. आपल्या कारखान्यात नाहीत का?

आता कायद्याचं. दुसऱ्या राज्याची पाटी हा गुन्हा नाही. गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच तिथला नंबर घ्यावा लागतो, कलम ४७. आठ दिवसांसाठी आलेल्या गाडीला कोणी एनओसी मागत असेल, तर नम्रपणे सांगायचं की साहेब, परवा आलो, रविवारी चाललो. वाटेतल्या पेट्रोलची एक-दोन बिलं खिशात ठेवा. तारीख दिसते, विषय मिटतो.

कागद

कागद पाच. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि भाड्याची गाडी असेल तर भाड्याचा करार.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ मध्ये बदल झाला आणि कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. पण एक लक्षात घ्या. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधला कागद चालतो. मोबाईलच्या गॅलरीत काढून ठेवलेला फोटो म्हणजे डिजिलॉकर नाही. पुष्कळ पोरं इथं फसतात. फोटो दाखवतात, साहेब नाही म्हणतात, अन् पोरं म्हणतात की पोलीस कायदा मानत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी घरी बसून ॲप उघडा, चारही कागद दिसतात का पाहा. आंबोलीच्या घाटात रेंज नसते, तेव्हा कागद आधीच उतरवून ठेवा.

कागद नसल्याची किंमत काय? लायसन्सशिवाय चालवलं तर ५००० रुपये. विमा नसेल तर पहिल्या वेळी २००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विनालायसन्स मित्राला आपली गाडी दिली तर गाडीमालक म्हणून आपल्यालाही वेगळे ५०००. "एक चक्कर मारून येतो बे" या वाक्याची किंमत दोघांची मिळून १०,००० आहे.

आणि हेल्मेट. चालवणाऱ्यालाही आणि मागच्यालाही. चार वर्षांवरचं कोणीही. दंड १००० रुपये, पण हजार रुपयांचं दुखणं कमी आहे. त्यासोबत लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकतं. ज्याचं पोट गाडीवर आहे, जो वानाडोंगरीहून रोज तीन शिफ्टमध्ये ये-जा करतो, जो घरोघर डबे पोचवतो, त्याच्यासाठी हे तीन महिने म्हणजे नोकरी. ट्रिपल सीटलाही तेच, १००० आणि तीन महिने. सुट्टीतल्या पंधरा मिनिटांसाठी घरची चूल पणाला लावू नका.

काळी पाटी, पिवळी अक्षरं

आता भाड्याच्या गाडीचं. हे नीट ऐका.

भाड्यानं द्यायला परवानगी असलेल्या मोटरसायकलला काळी पाटी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरं. खासगी गाडीला पांढरी पाटी, काळी अक्षरं. गोव्यात स्टेशनाबाहेर उतरलं की चार पोरं मागे लागतात. काळ्या पाटीवाला एक भाव सांगतो, पांढऱ्या पाटीवाला शंभर-दीडशे रुपये कमी सांगतो आणि वर म्हणतो, "कोणी विचारलं तर मित्राची गाडी आहे म्हणून सांगा."

हे शंभर रुपये फार महाग पडतात. पहिली गोष्ट, परमिटशिवाय भाड्यानं फिरणारी गाडी पोलीस कलम २०७ खाली जप्त करू शकतात. गाडी ठाण्यात, तुम्ही रस्त्यावर, डिपॉझिट मालकाकडे, आणि मालकाचा फोन बंद. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत लिहिलेलं असतं की ही गाडी भाड्यानं वापरायची नाही. आता समजा, अंधारात कोणी सायकलवाला आडवा आला, त्याचा पाय मोडला. प्रकरण अपघात न्यायाधिकरणापुढं जाईल. विमा कंपनी म्हणेल, आमच्या अटी मोडल्या. कंपनीनं पैसे भरले तरी ते वसूल करायला ती मागे लागू शकते. चालवणारे तुम्ही. बारा-पंधरा हजार पगाराच्या कंत्राटी कामगाराच्या डोक्यावर कित्येक लाखांचा दावा. शंभर रुपयांसाठी.

म्हणून गाडी घेताना पाटी बघा, आरसीवरचं नाव आणि विम्याची तारीख बघा, करार लिहून घ्या. गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढा, जुने ओरखडे, आरसे, इंडिकेटर, टायर, सगळं बोलून दाखवत. तो देणाऱ्यासमोरच काढा, म्हणजे परत देताना वाद होत नाही. मूळ लायसन्स डिपॉझिट म्हणून देऊ नका. हेल्मेट दोन मागा. आणि ते वाडग्यासारखं टोपडं दिलं तर परत करा. आयएसआय शिक्का असलेलं, पट्टा लागणारं हेल्मेट पाहिजे. मी तर घरूनच नेतो.

गोव्यात मोटरसायकल टॅक्सीही आहे, फार जुनी. चालवणाऱ्याला पायलट म्हणतात, गाडी काळी-पिवळी असते. तुमच्याजवळ लायसन्स नसेल, किंवा रात्री जेवणासोबत दोन घोट घेतले असतील, तर पायलटला हात करा. अजून एक फायदा आहे. गल्लीबोळ, वन-वे, पोलीस कुठं उभे असतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. पायलटच्या मागे बसून एकदा पणजी पाहा, मग स्वतः चालवा.

रस्ते कुठं चकवतात

पणजीत मांडवीवर तीन पूल आहेत. त्यातला सगळ्यात उंच, केबलवर लटकलेला अटल सेतू, २०१९ च्या जानेवारीत सुरू झाला. पाच किलोमीटरच्या वर लांबी, रात्री दिव्यांत फार सुंदर दिसतो. त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे. मोबाईलचा नकाशा चारचाकीवर राहिला असेल तर तो बाई सरळ सेतूवर नेते, आणि चढावर एकदा गेलात की मागे फिरायला जागा नाही. नकाशा दुचाकीवर ठेवा अन् खालचे पूल धरा.

शहरातला अठरा जून रस्ता वन-वे आहे. नाव १८ जून १९४६ वरून, त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली होती. अशा जुन्या शहरात रस्ते अरुंद, वन-वे पुष्कळ, आणि नो-एंट्रीची पाटी झाडाच्या फांदीमागं. माझा साधा नियम आहे. वळायच्या आधी पाहायचं, समोरून आपल्या बाजूला येणाऱ्या गाड्यांची तोंडं दिसतात का. सगळ्याच उलट्या दिसल्या तर आपण चुकीच्या बोळात चाललो.

आणि वाळूत गाडी घालू नका. फोटो चांगला येतो, पण बेअरिंगमध्ये खारं पाणी गेलं की हिंगण्याला येईपर्यंत ते आवाज करायला लागते. दंड वेगळा.

हात वर झाला की

माझा मामेभाऊ पोलीस खात्यात हवालदार आहे, विदर्भातल्याच एका शहरात, वाहतूक शाखेत. त्याला मी विचारलं, तुम्ही लोक ठरवता कसं, कोणाला सोडायचं अन् कोणाला धरायचं? तो म्हणाला, "भाऊ, गाडी थांबली की माणूस पहिले दहा सेकंद काय करते, ते पाहतो आम्ही. गाडी बंद केली, हेल्मेट वर केलं, नमस्कार साहेब म्हटलं, की अर्धं काम झालं. पण ज्यानं थांबता थांबताच मोबाईल काढून कोणाले तरी फोन लावला, त्याचे सगळे कागद तपासतो."

मग म्हणाला, "बारा तास उन्हात उभं राहून पाहा एक दिवस. धूळ, हॉर्न, अन् वरून प्रत्येक जण सांगते की माझा काका आमदार आहे."

मला त्याचं पटलं. तेव्हा पहिले दहा सेकंद. पळायचं नाही, गाडी वळवायची नाही. डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, किल्ली काढून आपल्या खिशात ठेवा. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. पोलिसानं किल्ली हिसकावून घ्यावी असं कोणतंही कलम मोटार वाहन कायद्यात नाही. पण किल्ली गाडीलाच राहिली तर ती काढायचा मोह होतो. खिशात असली तर प्रश्नच येत नाही.

गणवेशातल्या पोलिसानं लायसन्स मागितलं तर ते दाखवणं आपलं कर्तव्य आहे, कलम १३०. "तुम्ही कोण विचारणारे?" हा प्रश्न तिथं लागू होत नाही. आणि आदेश मोडला, कामात अडथळा आणला तर त्याचा वेगळा २००० रुपये दंड आहे. आपल्या बाजूनं काय आहे तेही सांगतो. लायसन्स जमा करून घेतलं तर त्याची पोच देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, कलम २०६. ती पोच दाखवून तुम्ही पुढं गाडी चालवू शकता. दंड भरला तर पावती मिळालीच पाहिजे, कागदाची किंवा मोबाईलवरची. आणि दंड जागेवर भरायची सक्ती नाही. चलान घ्या, पटलं तर नंतर ऑनलाइन भरा, नाही पटलं तर कोर्टापुढं म्हणणं मांडा.

कॅमेऱ्याचं विचारतात. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं नियम आणले. त्यात स्पीड गन, सीसीटीव्ही, नंबर वाचणारे कॅमेरे यांच्यासोबत पोलिसांच्या अंगावरचा कॅमेराही आहे, आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असं त्यात सांगितलं. साहेबांच्या छातीवर कॅमेरा असेल तर बरंच आहे. तो दोघांवरही लक्ष ठेवतो. पण आपण मोबाईल त्यांच्या तोंडासमोर नाचवायची गरज नाही. नाव गणवेशावर असतं, वेळ घड्याळात असते. दोन्ही लक्षात ठेवलं की पुरे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. म्हापशाच्या अलीकडं आम्हाला थांबवलं, दोन गाड्या, चौघं जण. साहेबांनी कोंकणीत विचारलं, मी मराठीत उत्तर दिलं. डिजिलॉकर उघडून चारही कागद दाखवले. त्यांनी मागच्यांची हेल्मेटं पाहिली, पट्टा लावला का ते बोट घालून पाहिलं. पोराचा पट्टा सैल होता, तो त्यांनी स्वतः ओढून घट्ट केला. कुठून आलात विचारलं, नागपूर म्हटल्यावर हसले, "इतक्या लांबून गाडीवर?" तीन-चार मिनिटांत मोकळे. मी "देव बरें करूं" म्हणालो, हे कोंकणीतलं धन्यवाद. त्यांनी पुढच्या वळणावरचा खड्डाही सांगितला.

आणि तसं नाही झालं तर

आता दुसरी बाजू. एका पर्यटनाच्या गावात, राज्य सांगत नाही, गाव सांगत नाही, आमच्या लाइनवरच्या एका पोराला थांबवलं. मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. म्हणजे गुन्हा होता. समोरच्यानं हजार सांगितले, मग म्हणाला, पाचशे दे अन् जा, पावती कशाला पाहिजे. पोरानं पाचशे दिले. खुश होऊन आला, म्हणे अर्ध्यात सुटलो. तीन आठवड्यांनी मोबाईलवर चलान आलं. तीच तारीख, तोच रस्ता, तोच गुन्हा, गाडीचा मागून काढलेला फोटो. पूर्ण हजार. त्यानं दिलेले पाचशे कुठंच नव्हते. कोणाला सांगणार? पुरावा काय? दीड हजार गेले, म्हणजे त्याची तीन दिवसांची मजुरी.

पोरगा मला म्हणाला, "दादा, पैशाचं जाऊ द्या. मला त्यानं चोरासारखं झाडामागं बोलावलं अन् मी गेलो, हे खटकून राहिलं." हे मला फार लागलं. पावतीचा कागद एवढासा असतो, पण तो असला की दंड भरणारा माणूस ताठ उभा राहतो. नसला की दोघंही इकडं-तिकडं पाहतात.

आणि कायदा इथं आपल्यालाही सोडत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे, तरच देणारा सुटतो. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. पर्यटकांसाठी देशभर १३६३ आहे. अंगावर यायची वेळ आली तर ११२.

मग झाडामागं बोलावलं तर करायचं काय? मी स्वतः एकदा केलेलं सांगतो. पुन्हा, गाव सांगत नाही. पीयूसी संपलं म्हणाले, मी तारीख दाखवली. मग इंडिकेटर म्हणाले, मी लावून दाखवला. मग म्हणाले, पाचशे द्या, विषय संपवू. मी म्हटलं, "साहेब, जे असेल ते चलान करा, मी भरतो. पावतीशिवाय माझ्याच्यानं होणार नाही, घरी हिशेब द्यावा लागतो." ते म्हणाले, कोर्टात जावं लागेल. मी म्हटलं, जाईन. आवाज चढवला नाही, कलम सुनावलं नाही, फोन काढला नाही. गाडीच्या बाजूला उभा राहिलो. चाळीस मिनिटं गेली. दुसऱ्या दोन गाड्या आल्या, गेल्या. शेवटी म्हणाले, जा.

या चाळीस मिनिटांची तयारी घरूनच ठेवायची असते. ज्याची गाडी दोन तासांत सुटणार आहे तो उभा राहू शकत नाही. म्हणून परतीच्या दिवशी शहरात गाडी फिरवू नका, आणि भाड्याची गाडी आदल्या संध्याकाळी परत करा. हातात वेळ असला की नाही म्हणता येतं.

एक गोष्ट जिथं माझी सहानुभूती नाही

दारू. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी १५,००० किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "एकच बिअर होती" हे यंत्राला ऐकू येत नाही. गोव्यातले रस्ते रात्री काळे असतात, वळणं आंधळी असतात, आणि कडेनं चालणारी माणसं तिथलीच असतात, कामावरून घरी जाणारी. इथं पोलिसानं धरलं तर त्यानं तुमच्यावर उपकार केले समजा. पायलट आहे, टॅक्सी आहे, नाहीतर पायी या.

शेवटी आपल्या गावचं

मंडळी, हे सगळं आपण बाहेर गेल्यावरचं बोललो. पण नागपूरलाही माणसं येतात. दीक्षाभूमीला येतात, ताडोबा-पेंचला जायला इथं उतरतात. कोणी जीए पाटीची, केए पाटीची, सीजी पाटीची गाडी घेऊन शून्य मैलापाशी रस्ता शोधत उभा असतो. त्याला मागून हॉर्न मारणारे आपणच असतो. चुकीच्या लेनमध्ये आला तर "कुठून येतात हे" म्हणणारेही आपणच. आपल्या चौकात त्याला थांबवलं तर तोही मनात हेच म्हणत असेल की बाहेरची पाटी पाहिली अन् हात वर केला.

अशा वेळी दोन मिनिटं थांबा. रस्ता सांगा. पुढं वन-वे आहे म्हणा. समृद्धीवर मोटरसायकल चालत नाही, हेही सांगून टाका, त्याचा शिवमडक्यापर्यंतचा फेरा वाचेल.

तर हा होता आजचा भाग. तुम्हाला कुठं थांबवलं, काय बोलणं झालं, पावती मिळाली की नाही, ते लिहून किंवा बोलून पाठवा. गावाचं आणि माणसाचं नाव नसलं तरी चालेल. पुढच्या भागात रेल्वेनं गाडी पाठवायची असेल तर पॅकिंग कसं करायचं, टाकीचं काय, आरसे काढायचे की नाही, हे पार्सलवाल्या एका काकांनाच बोलावून विचारणार आहोत. तोपर्यंत पट्टा घट्ट लावा. भेटू.